सत्तर टीएमसीची भरती

पावसाळा आला की मराठी घरांत धरणांचे आकडे बोलले जातात. कोयना किती टीएमसीवर पोचली, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले, हे चहाच्या टपरीवरही माहीत असते. त्याच मापांनी एक समुद्रधुनी मोजून पाहू.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर ज्या अरुंद तोंडाने पॅसिफिक महासागराला मिळतो, त्या गोल्डन गेटमधून मोठ्या भरतीत सुमारे २०० कोटी घनमीटर पाणी आत शिरते. म्हणजे ७० टीएमसी. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत २९ टीएमसीच मावते. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. त्याच्या दोन-तृतीयांश पाणी इथे सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. मुंबई महापालिका रोज जेवढे पाणी पुरवते, त्या हिशेबाने ही एक भरती शहराला जवळजवळ पाचशे दिवस पुरेल.

सहा तासांवर वाटून पाहिले तर सरासरी प्रवाह निघतो ३२ लाख क्युसेकचा. खडकवासल्यातून चाळीस-पंचेचाळीस हजार क्युसेक सुटले की पुण्यातले नदीकाठ पाण्याखाली जातात. त्याच्या सत्तरपट पाणी इथे जेमतेम दीड किलोमीटर रुंदीच्या फटीतून धावते. त्या जोराने तिथला तळ शंभर मीटरहून खोल खोदला गेला आहे आणि बाहेरच्या समुद्रतळावर वाळूच्या लाटा उठल्या आहेत. त्यांची उंची दहा मीटरपर्यंत जाते आणि दोन शिखरांमधले अंतर २२० मीटरपर्यंत.

हे एकदा घडून थांबत नाही. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे वर्षाला ७०५ भरत्या. या लेखातल्या सगळ्या आकड्यांत हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाजणे पुन्हा उभी करण्याचे जगातले एक फार मोठे काम याच ७०५ पाळ्यांच्या भरवशावर या उपसागरात चालू आहे.

दोन जिल्हे होते, एक उरला

उपसागराची सरासरी खोली पाच मीटरच्या आसपास. आत शिरलेले पाणी त्यामुळे आडवे पसरते. सन १८०० च्या सुमारास ते जिथवर पसरत होते, त्या काठावर १,९०,००० एकर खाजण होते. चौरस किलोमीटरमध्ये ते होतात ७६९. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटरचे आहेत. अख्ख्या मुंबईला पोटात घेऊन वर दीडशे चौरस किलोमीटर उरतील, एवढे ते भरती-ओहोटीचे रान होते.

आपल्या खाड्यांत तिवरांचे जंगल असते, तिथे थंड हवेमुळे मिठाच्या चिखलात वाढणारे गवत आणि मांसल पानांची खुरटी झुडपे असतात. यंत्रणा मात्र तीच. मोठ्या खाडीतून नाळा निघतात, नाळांना उपनाळा फुटतात आणि त्यांच्या टोकाला हातभर रुंदीचे ओहळ. भरतीचे पाणी या वाटांनी वर चढते, काठ ओलांडून गवतात शिरते, तिथे त्याचा वेग मरतो आणि पाण्यातला गाळ खाली बसतो. ओहोटीला स्वच्छ झालेले पाणी त्याच वाटांनी परतते. गाळाने जमीन उंचावते, त्या जमिनीवर गवत दाट होते, आणि दाट गवत पुढच्या भरतीचा गाळ आणखी धरून ठेवते. हजारो वर्षे समुद्र हळूहळू वर येत राहिला आणि खाजणही त्याच्याबरोबर वर चढत राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा १,९०,००० एकरांपैकी सुमारे ४०,००० एकर उरले होते. म्हणजे १६२ चौरस किलोमीटर, साधारण मुंबई शहर जिल्ह्याएवढे. दोन्ही जिल्ह्यांहून मोठे रान दीडशे वर्षांत कुलाबा ते माहीम-शीव एवढ्या पट्ट्यावर आले.

काही भाग शेतीसाठी बांध घालून कोरडा केला गेला, काही भराव टाकून शहरांनी घेतला, आणि दक्षिण टोकाचा मोठा हिस्सा मिठाने घेतला. १८५४ पासून तिथे मिठागरे पडू लागली. खाडीचे पाणी एका आगरातून दुसऱ्यात फिरवत, उन्हात आटवत, त्याचे मीठ व्हायला सुमारे पाच वर्षे लागत. घनमीटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ३५ किलो मीठ असते. टनभर मिठासाठी तीस घनमीटर पाणी आटवावे लागते. भरभराटीच्या काळात हे उत्पादन वर्षाला दहा लाख टनांच्या घरात होते. पाण्याचा खारटपणा वाढत जातो तसे त्यात जगणारे सूक्ष्मजीव बदलतात आणि आगरांना हिरवा, नारिंगी, लालभडक रंग चढतो. फ्रीमाँट, मिलपिटास, सनीवेलमध्ये राहणारी हजारो मराठी कुटुंबे विमान उतरताना खिडकीतून जे रंगीत चौकोन पाहतात, ते हेच. गूगल आणि फेसबुक यांची मुख्यालयेसुद्धा याच आगरांच्या काठाला आहेत.

उरलेला उपसागरही बुजवायची तयारी होती. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५९ मध्ये एक नकाशा काढला. भराव असेच पडत राहिले तर २०२० पर्यंत उपसागराची रुंद नदीएवढीच पट्टी उरेल, असे तो दाखवत होता. एकट्या बर्कली शहराला दोन हजार एकर पाणी बुजवून आपला आकार दुप्पट करायचा होता. के कर, सिल्व्हिया मॅकलॉफ्लिन आणि एस्थर गुलिक या तीन महिलांनी १९६१ मध्ये एक डॉलर वर्गणीवर लोक जमवायला सुरुवात केली. चार वर्षांत भरावांवर नियंत्रण ठेवणारा आयोग कायद्याने उभा राहिला. १९७२ मध्ये दक्षिण टोकाला राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान जाहीर झाले. शहरी वस्तीला लागून असलेले अमेरिकेतले ते पहिले. तीन स्त्रियांनी घरातून सुरू केलेल्या कामामुळे पुढच्या पिढीला उघडण्यासाठी काहीतरी शिल्लक राहिले, हे विसरता येणार नाही.

पंधरा हजार एकरांचा खड्डा

मोठे वळण २००३ मध्ये आले. कारगिल कंपनीकडून १६,५०० एकर मिठागरे १० कोटी डॉलरना सार्वजनिक मालकीत आली. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी वाटाघाटी घडवून आणल्या. बराचसा पैसा राज्याने दिला, थोडा केंद्राने आणि दोन कोटी डॉलर खासगी प्रतिष्ठानांनी. एकरी भाव पडला सुमारे सहा हजार डॉलर, तोही सिलिकॉन व्हॅलीच्या उंबऱ्यावर. यातली १५,१०० एकर जमीन दक्षिण उपसागरातली. ते होतात ६१ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेले आपले ठाणे खाडीचे क्षेत्र ६५ चौरस किलोमीटरचे आहे, त्यावरून आकाराची कल्पना यावी.

जमीन हाती आली, आता बांध फोडला की झाले, असे वाटेल. पण बांधाच्या आतली जमीन बाहेरच्या खाजणाच्या पातळीवर राहिलेली नव्हती. बांध घातला त्या दिवशीच गाळ येणे थांबले होते. वर सांता क्लारा खोऱ्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत फळबागांनी आणि शहरांनी भूजल इतके उपसले की सॅन होजे शहराच्या मध्यात जमीन चार मीटर खचली. उपसागराच्या काठाला हे खचणे दोन ते आठ फुटांचे होते, आणि १९६९ पर्यंत ४४ चौरस किलोमीटर कोरडी जमीन भरतीच्या पातळीखाली गेली होती. अल्विसो गावाभोवतीची मिठागरे म्हणजे बांधांनी वेढलेले उथळ खड्डे झाले होते. असा खड्डा नुसता उघडला तर आत तळे होते. गवत रुजायचे तर चिखल निदान मध्यम भरतीच्या पातळीला यायला हवा.

तो वर आणायला किती माती लागेल? एक एकर जमीन एक मीटरने उंचवायची तर ४,०४७ घनमीटर, आपल्या बांधकामाच्या भाषेत सुमारे १,४३० ब्रास. हजार एकरांना १४ लाख ब्रास. १५,१०० एकर सरसकट एका मीटरने उचलायचे ठरवले तर दोन कोटी ब्रासच्या पुढे. सगळ्या आगरांना एवढी गरज नाही, काहींना कमी लागते, काहींना जास्त. पण कामाचा आवाका यावरून कळतो.

माती टाकून खाजण उचलण्याचा प्रयोग उपसागराच्या उत्तरेला झाला. हॅमिल्टन नावाचा जुना लष्करी विमानतळ खाजणावर बांध घालून केलेला होता आणि खचत खचत समुद्रपातळीखाली गेला होता. ऑकलंड बंदराची वाट खोल करताना निघालेला गाळ आणि इतर ठिकाणचा उपसा नळांतून तिथे ओतला गेला. एकूण सुमारे ४३ लाख घनमीटर, म्हणजे १५ लाख ब्रास. वर्षानुवर्षे ते भरण चालले आणि एप्रिल २०१४ मध्ये बांध फोडला. एवढ्या सगळ्या खटाटोपाने पाण्याला मिळाली साडेसहाशे एकरांच्या आसपास जमीन. ज्या प्रदेशाने एक लाख एकर खाजणाचे उद्दिष्ट ठरवले आहे, तो अशा वाटेने तिथवर पोचणे कठीण. म्हणून बहुतेक ठिकाणी भरणाचे काम भरतीकडेच सोपवायचे ठरले.

एका भरतीची मजुरी

एक एकर आगरात मीटरभर पाणी चढले असे धरू. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम गाळ आहे. दक्षिण उपसागराच्या गढूळ पाण्यात हे प्रमाण अवाजवी नाही. तर त्या एका एकरावर एका भरतीत सुमारे ४०० किलो गाळ येतो. सगळा खाली बसला तर त्याचा थर होईल मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा, वहीच्या दीड-दोन पानांइतका. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण वर्षाला ७०५ भरत्या धरल्या तर दहा सेंटीमीटर होतात आणि दहा वर्षांत मीटरभर. एकरामागे वर्षाला पावणेतीनशे टनांहून अधिक माल, तोही गवत वाढण्यासाठी नेमक्या योग्य बारीक चिखलाचा, आणि वाहतुकीचा खर्च शून्य.

प्रत्यक्षात सगळा गाळ बसत नाही; काही ओहोटीबरोबर परत जातो, काही लाटांनी उचलला जातो. शिवाय जमीन जसजशी वर येते, तसतसा तिच्यावर पाणी कमी वेळ राहते आणि थर पातळ होत जातात. तरी हा हिशेब कामाला येतो, हे अल्विसोजवळच्या तीन आगरांनी दाखवून दिले. मार्च २००६ मध्ये एकूण पावणेपाचशे एकरांच्या या आगरांचे बांध पाच ठिकाणी कापले. तळाला मिठागरांच्या काळातला जिप्समचा टणक पापुद्रा होता. पाण्याने आधी कापलेल्या जागा स्वतःच रुंद केल्या, मग जुन्या बुजलेल्या नाळा शोधून काढल्या आणि चिखल आणून ओतायला सुरुवात केली. खाडीच्या तोंडाशी असलेल्या आगरात तो सर्वांत भरभर साचला आणि काही वर्षांतच तिथे रान उगवले. कुणी रोप लावले नाही, कुणी बी पेरले नाही. दोन्ही भरतीने आणले.

हेच कळल्यावर अभियंत्यांनी पाण्याला मदत करायच्या युक्त्या काढल्या. उत्तरेला सीअर्स पॉइंटला ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे हजार एकरांवर पाणी घेण्याआधी आत मातीचे ५०० उंचवटे करून ठेवले. वाऱ्याच्या लाटा त्यांच्यावर आपटून मोडाव्यात आणि आडोशाला गाळ बसावा, हा हेतू. दक्षिणेला नव्या इमारतींच्या पायांतून निघणारी माती मिठागरांच्या बांधांसाठी आणि उतारांसाठी घेतली जाते. बिल्डरांना माती टाकायला जागा हवी असते आणि प्रकल्पाला माती, त्यामुळे दोघांचाही खर्च वाचतो.

पाच फुटांचे दार

एवढ्या मोठ्या आकड्यांच्या कामात सर्वांत सावध पाऊल पाच फुटांचे होते. अल्विसोच्या वरच्या अंगाला डोंगरात न्यू अल्मेडन ही पाऱ्याची जुनी खाण आहे. उत्तर अमेरिकेत तिच्याएवढा पारा दुसऱ्या कुठल्याही खाणीने दिला नाही; तिचे एकूण उत्पादन ३८,००० टनांच्या आसपास. कॅलिफोर्नियातले सोने वेगळे करायला हा पारा वापरला गेला आणि त्यातला काही ग्वादालुपे नदीच्या गाळातून खाली उतरून मिठागरांच्या तळाशी बसला. हवा नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचे अधिक घातक रूप तयार करतात. ते माशांत चढते, माशांतून पक्ष्यांत आणि माणसांत. बांध एकदम फोडला असता तर तो गाळ ढवळून निघाला असता.

म्हणून ए-८ नावाच्या आगराला चाळीस फुटी दार बसवले, त्यात पाच-पाच फुटांच्या आठ झडपा. २०११ मध्ये त्यांतली एकच उघडली. मासे तपासले, पक्ष्यांची अंडी तपासली, गाळ तपासला, आणि मग टप्प्याटप्प्याने पुढच्या झडपा उघडत नेल्या. आपल्या खारबंदिस्तीतल्या उघाडीवर बसून पाणी आत-बाहेर करणाऱ्या माणसाला हा संयम ओळखीचा वाटेल.

हाच संयम पक्ष्यांबाबतही पाळावा लागला. दीडशे वर्षांत मिठागरांनीही आपली एक सृष्टी उभी केली होती. या उपसागरावर दहा लाखांहून अधिक पाणपक्षी येतात आणि त्यांतल्या कित्येकांना उथळ खाऱ्या पाण्यातली कोळंबी आणि माश्या खाण्याची सवय झाली आहे. दुसऱ्या बाजूला जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा खाजणउंदीर, जो खारे पाणी पिऊनही जगतो आणि १९७० पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्याला गवताचे रान हवे. म्हणून सगळी आगरे उघडायची नाहीत असे ठरले. निम्म्यापासून सुरुवात करायची, पक्षी मोजत राहायचे, आणि पक्ष्यांना फटका बसत नसेल तरच ९० टक्क्यांपर्यंत जायचे. आराखडा ५० वर्षांचा आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे तीन हजार एकरांवर पाणी खेळू लागले आणि काम पुढे चालू आहे.

पैसाही लोकांनीच उभा केला. जून २०१६ मध्ये उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांनी स्वतःवर कर लावून घ्यायचा की नाही, यावर मतदान केले. दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर, २० वर्षे. एकूण ५० कोटी डॉलर. मंजुरीला दोन-तृतीयांश मते लागत होती आणि ती मिळाली. महिन्याला एक डॉलर ही रक्कम छोटी आहे, पण ती लाखो घरांनी खाजणासाठी स्वेच्छेने द्यायची ठरवली, याचा मला आदर वाटतो.

गाळाचे जुने ठेवणे संपले

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: पाण्यात गाळ असणार. तोच कमी होतो आहे.

१८५३ पासून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत सोन्यासाठी पाण्याचे प्रचंड फवारे मारून डोंगरउतार धुऊन काढले गेले. १८८४ मध्ये न्यायालयाने ते रोखले. भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. या खाणकामाने हलवलेली माती पनामा कालव्याच्या खोदकामाच्या जवळजवळ आठपट होती. १८४९ ते १९१४ या काळात उपसागरात आणि त्याला जोडलेल्या खाड्यांत साचलेला गाळ, बहुतांश या खाणींचाच, त्यांच्या मोजणीनुसार सुमारे ८८ कोटी घनमीटर भरला. तो सगळा एक लाख एकरांवर पसरला तर दोन मीटरहून जाड थर होईल.

शंभर वर्षे हा जुना गाळ उपसागराच्या तळावरून उठत राहिला, पाणी गढूळ ठेवत राहिला. मग १९९९ च्या सुमारास मोजमापांत एकदम फरक दिसला. पाण्यात तरंगणारा गाळ ३६ टक्क्यांनी घटला. धरणांनी नवा गाळ वर अडवला होता आणि सोन्याच्या काळातले ठेवणे झिजून संपत आले होते. डोळ्यांना सुखावणारे स्वच्छ पाणी खाजणाला मात्र उपाशी ठेवते.

त्याच वेळी समुद्र चढतो आहे. सॅन फ्रान्सिस्कोला १८५४ पासून भरतीची अखंड नोंद आहे आणि शतकभरात तिथे समुद्र साधारण २० सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला दोन मिलिमीटर चढला. आकडा किरकोळ वाटतो. पण एक लाख एकर खाजण एका सेंटीमीटरने वर उचलायला ४० लाख घनमीटर गाळ लागतो, म्हणजे जवळजवळ एक हॅमिल्टन. आजवरच्या गतीने समुद्र चढत राहिला तरी निव्वळ आहे तिथे राहण्यासाठी दर पाच वर्षांनी एक हॅमिल्टन भरावा लागेल. पुढच्या दशकांत ही गती वाढेल असेच सगळे अंदाज सांगतात.

त्यामुळे आज उघडलेला एकर आणि तीस वर्षांनी उघडलेला एकर यांची किंमत सारखी राहत नाही. आज उघडलेल्या खाजणाला तीस वर्षांत २१,००० भरत्या मिळतात. ते आधी वर चढते, गवत धरते, आणि एकदा गवत धरले की स्वतःच्या मुळांनी आणि अडवलेल्या गाळाने समुद्राबरोबर चढण्याची ताकद मिळवते. तीस वर्षे बंद राहिलेला खड्डा तेवढ्याच काळात आणखी खोल पडलेला असतो आणि बाहेरचे पाणी आणखी वर गेलेले असते. बांध उघडायला उशीर केला की गाळाचे कर्ज व्याजासकट वाढते.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब

कोकणातले शेतकरी खारबंदिस्तीच्या बांधामागे भात पिकवतात. तिथे उधाणात खांड पडली तर घरचे धान्य जाते. ते बांध राखणे हेच योग्य. प्रश्न आहे तो वापर संपलेल्या मिठागरांचा आणि रस्ता, भराव किंवा बुजलेल्या नळामुळे ज्यांची भरती तुटली आहे अशा खाजणांचा.

तिवरांना पाणी लागते आणि ते परत जावेही लागते. तमिळनाडूतील पिचावरमला हे नीट समजले. वृक्षतोडीनंतर तिथली जमीन मध्ये बशीसारखी खोलगट झाली, पाणी साचून आटत गेले, खारटपणा वाढला आणि रोपे जगेनात. एम. एस. स्वामिनाथन प्रतिष्ठानाने तिथे माशाच्या काट्याच्या आकारात कालवे खणले, मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना तिरके छोटे, आणि भरतीची ये-जा सुरू करून दिली. खारटपणा उतरला तसे रान परतले.

महाराष्ट्रात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीच्या नाशावर बंदी घातली. झाड तोडणे यामुळे गुन्हा ठरले. पण एका बुजलेल्या नळामुळे शेकडो झाडे हळूहळू मरतात तेव्हा कुऱ्हाड कुणाच्याच हातात दिसत नाही. म्हणून झाडांच्या संख्येइतकेच पाण्याच्या वाटांकडे लक्ष द्यायला हवे.

मुंबईत मिठागरांची जमीन सुमारे ५,३०० एकर सांगितली जाते, अमेरिकेतल्या त्या प्रकल्पाच्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक. तिच्यावर मीटरभर पाणी थांबले तर दोन कोटी घनमीटरहून अधिक पाणी सामावते, म्हणजे शहराच्या पाच दिवसांच्या पाणीपुरवठ्याहून जास्त. ज्या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जिथे साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या शहराला ही जागा लागणार आहे. भराव टाकून ती दोन मीटर उंचावली तर एकरामागे २,८६० ब्रास माती जाईल आणि तेवढेच पाणी आजूबाजूच्या वस्त्यांत जागा शोधेल.

म्हणून या जमिनींविषयी कुठलाही निर्णय होण्याआधी चार आकडे लोकांसमोर यायला हवेत: जमिनीची आजची पातळी भरतीच्या पातळीच्या किती खाली आहे, खाडीच्या पाण्यात लिटरमागे गाळ किती आहे, भरतीची वाट कुठे आणि किती रुंदीने तुटली आहे, आणि ती मोकळी करायला किती खर्च येईल. हे मोजायला फार पैसा लागत नाही. भूमापन, पाण्याचे नमुने आणि वर्षभराच्या नोंदी पुरतात. जिथे एखादा नळ साफ करून किंवा रस्त्याखाली मोरी घालून पाणी पुन्हा खेळते होईल, तिथे मोजणी झाल्याबरोबर तेच काम आधी करावे. कारण थांबण्यात जाणाऱ्या प्रत्येक वर्षात ७०५ भरत्या फुकट जातात, आणि त्या एकेका भरतीने आणला असता तो गाळ पुढे पैसे मोजूनही परत मिळत नाही.